दुसऱ्या लिव्हरचा बोल्ट

आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच्या दुसऱ्या वर्षी, होळीच्या आधीच्या मंगळवारी, दुपारी तीनच्या सुमारास चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना आमचा ट्रक रस्ता सोडून दरीत गेला. ट्रकमध्ये बांबू होता. ट्रक माझे थोरले भाऊ चालवत होते. ते तिथेच गेले. मी त्या वेळी अमरावतीत एका सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसलो होतो.

पुढे आयुष्यभर मी अकोल्यात मोठ्या गाड्या दुरुस्त केल्या. गॅरेजमधल्या गमतीजमती लिहा, असा दिवाळी अंकाच्या संपादकांचा आग्रह आहे. गमती आहेत, एखादी पुढे येईलही. पण लिहायला बसलं की हात पहिल्यांदा त्या एकाच ट्रककडे जातो, म्हणून त्याचंच सांगतो.

दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराने नको झालेल्या गाड्या लिलावात काढल्या. त्यातल्या बऱ्याच पुढची दहा-बारा वर्षं या हातातून त्या हातात फिरत राहिल्या. आमच्याकडे त्यांना नुसतं ‘मिलिट्री’ म्हणत. अमेरिकन बनावट, स्टिअरिंग डाव्या हाताला, चारही चाकांना इंजिनाची ताकद देता येईल अशी रचना. चिखल, नाला, चढ, काहीही असो, मिलिट्री निघायची. पेट्रोल मात्र पाण्यासारखं प्यायची.

दादा युद्धात लष्करी ड्रायव्हर होते. ब्रह्मदेशाच्या बाजूला चार वर्षं त्यांनी असाच ट्रक चालवला होता. परत आल्यावर ते एका जिनिंगवाल्याच्या गाडीवर पगारी ड्रायव्हर झाले. मी मॅट्रिक होऊन मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात करीम उस्तादांच्या गॅरेजात लागलो होतो. कारकुनी मिळेपर्यंत, असं मी सगळ्यांना सांगत असे. जेवणाच्या सुट्टीत पुस्तक उघडून बसायचो म्हणून गॅरेजातले लोक मला ‘मास्तर’ म्हणायचे. ते नाव गिऱ्हाइकांनीही उचललं.

स्वतःचा ट्रक असावा, एवढी एकच हौस दादांना होती. लष्करातला फंड आणि वाट्याचं दोन एकर रान विकून आलेले पैसे मिळून त्यांनी नागपूरकडून एक मिलिट्री आणली. बघायला मीही गेलो होतो. गवतात गाड्या ओळीने उभ्या होत्या. दादांनी रंगाकडे पाहिलं नाही. एकेका गाडीची तेलकाडी काढून त्यांनी तेल बोटांत चोळलं, हुंगलं. एकीपाशी थांबले, केबिनमध्ये चढून लिव्हर हलवून पाहिले आणि म्हणाले, “हे घेऊ.”

“काहून हीच?”

“हिचा पह्यला गिअर उतारावर सुटते, हे आताच सांगतो. पण तिसरा लिव्हर मख्खन हाय. घाटात पह्यल्याचं कामच नाही पडत.”

सीटखाली मेणकापडात गुंडाळलेलं एक इंग्रजी पुस्तक सापडलं, त्या ट्रकचंच. एक कोपरा उंदरांनी खाल्लेला होता. दादांना ट्रकचा झाला नसेल एवढा आनंद मला त्या पुस्तकाचा झाला. संध्याकाळी मी ते वाचून मराठीत सांगायचो, दादा विडी ओढत ऐकायचे. वहिनी चुलीपाशी असायच्या.

“भाऊजी, त्या पोथीत भाकर कशी भाजा लागते ते हाय का?”

“आहे. इंजिन तापलं की बॉनेटवर टाकायची.”

“मंग तुमीच खा तिथं.”

दादा हसत आणि म्हणत, “वाच सुखा, वाच. मी चार साल चालवलं, पण आत काय हाय ते मले आता समजून राहिलं.”

आता ते लिव्हर सांगायला हवेत. त्याशिवाय पुढचं कळणार नाही. साध्या ट्रकला गिअरचा एक लिव्हर असतो. मिलिट्रीला तीन असत. पहिला नेहमीचा, गिअर बदलायचा. दुसरा पुढच्या चाकांना ताकद देणारा. तिसरा सगळी गाडीच मंद करणारा. तिसरा लावला की ट्रक माणसाच्या चालीने चाले. त्यामुळे चढावर बळ येई आणि उतारावर इंजिनच गाडीला मागे ओढून धरी. घाट ब्रेकवर उतरायचा नसतो, गिअरवर उतरायचा असतो. ब्रेक सतत दाबून ठेवला तर तापतो आणि तापला की धरत नाही. त्यात तेव्हा आमच्याकडे ब्रेकचं चांगलं तेल मिळत नसे. एरंडेलात स्पिरिट मिसळून काम भागवत. सपाटीवर ते चाले.

या तिन्हींत एक गोष्ट होती. दुसरा लिव्हर लावल्याशिवाय तिसरा हलत नसे. तिसऱ्याचा सगळा जोर एकट्या मागच्या चाकांवर पडून काही तुटू नये, म्हणून कारखान्यानेच तशी आतून अडवण ठेवली होती. दादांना हे माहीत नव्हतं. लष्करात त्यांना दोन्ही लिव्हर एका पाठोपाठ एक ओढायला शिकवलेलं होतं. हाताला सवय होती, म्हणून एकावर दुसरा अवलंबून आहे हे त्यांना कधी जाणवलंच नाही. ते पुस्तकात होतं. ते पान मी वाचलं होतं. त्या संध्याकाळी मोठ्याने वाचलं की मनात, ते मला आठवत नाही. मी फार आठवून पाहिलं आहे.

ट्रक उभा करायला आम्हाला दोन महिने लागले. रेडिएटर अकरा ठिकाणी गळत होता, तो झाळून बुजवला. जुन्या पट्ट्याच्या चकत्या कापून वॉशर केले. लाकडी बॉडी बाभळीची, सुतार घरचाच. नवा भाग म्हणावा असा एकही नव्हता. पहिल्या गिअरचे दात झिजले होते, ते बदलायचे राहिले. तिसरा लिव्हर आहे तर घाई कशाला, असं दोघांनाही वाटलं. स्वस्तात गाडी सुधारायची म्हणजे बहुतेक वेळा त्यातून काहीतरी काढायचं. नवीन घालायचं तर पैसे पडतात, काढायला एक पाना पुरतो. आमच्या धंद्यातली निम्मी हुशारी काय काढलं तरी चालेल हे ओळखण्यात असायची. मी त्यात लवकर तयार झालो, आणि त्याचा मला अभिमानही होता.

दोन वर्षं ट्रक चांगला चालला. मोसमात कापूस, एरवी मिळेल ते. दीक्षेच्या वेळी आमच्या वस्तीतली माणसं याच ट्रकमधून नागपूरला गेली. सगळ्यांची कापडं पांढरी, आणि मिलिट्रीचा हिरवा रंग पुसट होऊन राखाडी झालेला. दादांनी त्या दिवशी भाडं घेतलं नाही. जाताना-येताना कुणालाही स्टिअरिंगला हात लावू दिला नाही.

पुढच्या कापसाच्या मोसमात मूर्तिजापूरजवळ एका नाल्यातून निघताना पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचा सांधा तुटला. तो भाग अकोल्यात नव्हता, अमरावतीत नव्हता. कापूस पडून होता. करीम उस्ताद ट्रकखालून बाहेर आले आणि हात पुसत म्हणाले, “निकाल डाल मास्टर. पूरा अकोला निकाल के बैठा है. सडक पे आगे का क्या काम? पेट्रोल भी बचेगा.”

ते खरंच होतं. सपाट रस्त्यावर पुढचा शाफ्ट नुसताच फिरतो आणि पेट्रोल खातो. अकोल्यातल्या बहुतेक मिलिट्रींचा तो काढलेला होता. मीही काढला. एका दुपारचं काम. पण मी पुस्तक वाचलेला माणूस. नुसता शाफ्ट काढून माझं समाधान झालं नाही. कुणी चुकून दुसरा लिव्हर ओढला तर आतला भाग रिकामाच फिरेल, तेल गळेल. म्हणून केबिनखाली त्या लिव्हरच्या दांडीला भोक पाडून मी तिथे एक बोल्ट आवळला. लिव्हर जागच्या जागी पक्का. उस्तादांनी पाहिलं आणि म्हणाले, “वा. पढा-लिखा आदमी.”

दादा बाकावर चहा पीत बसले होते. त्यांनी विचारलं, “घाटात लागलं तं?”

“कापसाला कुठला घाट? घाटाचं काम आलं की नवा सांधा आणू. बोल्ट काढायला काय लागतं?”

“बरं,” दादा म्हणाले.

दुसरा अडकवला की तिसराही बंद होतो, हे मी त्या वेळी बोललो नाही. माझ्या मनात ते आलंच नाही, की दादांना माहीतच असेल असं मी धरून चाललो, याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही.

कापूस संपला. रविवारी दादा घरी आले ते बांबूचं काम घेऊनच. मेळघाटातून परतवाड्याला खेपा करायच्या होत्या. ठेकेदार दुसऱ्या दिवशीच गाडी मागत होता, नाहीतर दुसऱ्याला देणार होता. मी सोमवारी परीक्षेसाठी अमरावतीला निघणार होतो. ओट्यावर पुस्तक घेऊन बसलो होतो. वहिनी तूर पाखडत होत्या.

दादा दारात उभे राहून म्हणाले, “तू परीक्षा देऊन ये. सांधा मंग पाहू. पुढचं नाही तं नाही, तिसऱ्यात उतरवतो हळूहळू.”

मी वाचत होतो. मी म्हणालो, “हं.”

एवढंच. दादांनी आणखी दोन मिनिटं थांबून माझ्या डोक्यावर टपली मारली आणि वहिनींना म्हणाले, “साहेब झाला की याले गाडी पुसाले ठेवू.” आणि गेले.

मंगळवारी संध्याकाळी परीक्षेच्या ठिकाणी निरोप घेऊन माणूस आला. परतवाड्याच्या दवाखान्यात मी पोचलो तेव्हा दादांना झाकून ठेवलेलं होतं. पलीकडच्या खाटेवर सानू होता. तो मेळघाटातला कोरकू आदिवासी, बांबू भरायला दादांबरोबर होता. त्याने उडी टाकली म्हणून पाय मोडण्यावर निभावलं. त्याने मला ओळखलं नाही. कुणी आलंय म्हटल्यावर, सगळ्यांना सांगत होता तसंच मलाही सांगू लागला.

“वरती गाडी थांबवली त्यानं. वो छोटा डंडा ओढला. हाललाच नाही. मग दोन्ही हातानं ओढला. मी बोललो, ड्रायवरसाब, वापस चलो, कल उतरेंगे. तो खाली वाकला, पाहिलं. मग हसला.”

“काय म्हणाले?”

“बोलला, मास्तरनं बंद केला दिसते. त्यानं केलं तं सोचूनच केलं असन, पुस्तक पाहून. मग पहिल्यात टाकली अन् निघाला.”

पहिला गिअर तिसऱ्या वळणाआधी सुटला. चालत्या गाडीत तो पुन्हा पडला नाही. ब्रेक दोन वळणं टिकला.

दुसऱ्या दिवशी पंचनामा झाल्यावर मी दरीत उतरलो. ट्रक आडवा पडला होता. पोलीस वर विड्या ओढत होते. पाना माझ्या खिशातच असायचा. मी तो बोल्ट काढला. दोन मिनिटं लागली, कदाचित कमीच. मग दुसरा लिव्हर हाताने पुढे केला आणि तिसरा ओढला. तो लागला, मख्खन.

सगळे म्हणाले, ब्रेक गेला. पंचनाम्यातही तसंच आलं. वस्तीत, गॅरेजात, सगळीकडे तेच. उस्तादांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि विषय बदलला. त्यांना कळलं होतं की नाही, मी विचारलं नाही. परीक्षेचा निकाल चांगला लागला, नेमणुकीचा कागदही आला. मी गेलो नाही. घरात वहिनी आणि दादांच्या दोन मुली होत्या. मी गॅरेजात राहिलो, पुढे उस्तादांनी ते माझ्याकडे सोपवलं. लग्न केलं नाही. विचारणारे काही वर्षं विचारत राहिले, मग थांबले.

कामात मात्र एक सवय लागली. कुठल्याही गाडीतलं काही काढलं, अडकवलं, कमी केलं की मी ते पांढऱ्या रंगाने केबिनच्या दारावर आतून लिहायचो. आणि ड्रायव्हरला समोर उभं करून ते तोंडाने म्हणून घ्यायचो. तीनदा. ज्याला वाचता येत नसेल त्याच्याकडून पाच वेळा. लोक हसायचे, पण गाड्या माझ्याकडेच आणायचे.

बासष्ट-त्रेसष्टच्या सुमाराला शेंदूरजनाघाटचे एक संत्र्याचे व्यापारी आले होते. त्यांची तक्रार अशी की गाडी आदळते आणि तळातली संत्री पिचतात. स्प्रिंगच्या पट्ट्या कमी करून गाडी मऊ करून द्या. मी दोन्ही बाजूंच्या दोन-दोन पट्ट्या काढल्या. दारावर लिहिलं, ‘पट्ट्या कमी. जास्त माल भरू नये.’ त्यांचा ड्रायव्हर साठीचा, मिशीवाला. मी त्याला म्हणालो, म्हणा.

“पट्ट्या कमी, जास्त माल भरू नोका,” तो म्हणाला.

“पुन्हा.”

दुसऱ्यांदाही म्हणाला. तिसऱ्या वेळी त्याने भजनाच्या चालीवर म्हटलं, टाळ वाजवल्यासारखे हातही केले. सगळं गॅरेज हसलं. मीही हसलो.

व्यापारी म्हणाले, “मास्तर, तुमी गाडी दुरुस्त करून राहिले का शाळा घेऊन राहिले? पट्ट्या तं पट्ट्या, त्याचं एवढं काहून?”

मी रंगाच्या डब्याचं झाकण लावलं.

त्यांनी डोळे बारीक केले. “तुमचं कोणी गेलं का असं?”

“नाही,” मी म्हणालो.

गाडी गेली. मी दुपारभर काम केलं. हात चालत होते, पण ते ‘नाही’ कानातून जाईना. पाच वर्षं मी गप्प होतो, खोटं बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो, तेही भावाच्या बाबतीत, संत्रीवाल्यापुढे. दिवेलागणीला घरी गेलो. मुली शेजारी गेल्या होत्या. वहिनी ओट्यावर भाजी निवडत होत्या. मी हात न धुताच समोर बसलो आणि सगळं सांगितलं. तीन लिव्हर, बोल्ट, पुस्तकातलं पान, सानू काय म्हणाला ते. एका दमात, क्रमाने, जसं गिऱ्हाइकाला दोष समजावून सांगतात तसं.

वहिनी भाजी निवडत राहिल्या. भाजी निवडून झाली तरी हात परडीतच होते.

“तो बोल्ट नसता तं गाडी थांबली असती का?”

“थांबली नसती. हळू राहिली असती. उतरता आलं असतं.”

“हळूहळू,” वहिनी म्हणाल्या.

मी मान हलवली.

“मी तिथंच होती. तूर पाखडत होती.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “ते म्हणले, तिसऱ्यात उतरवतो हळूहळू. अन् तुमी ‘हं’ म्हणले.”

मला वाटलं होतं ते फक्त मला आठवतं. वहिनींना ते पाच वर्षं आठवत होतं. फक्त त्याचा अर्थ माहीत नव्हता. तो त्या संध्याकाळी मी दिला.

त्या उठल्या, परडी आत ठेवली. चूल पेटवली. भाकरी थापायचा आवाज येऊ लागला. मुली आल्या. ताटं मांडली गेली. मी ओट्यावरच होतो. आतून वहिनींचा आवाज आला, नेहमीएवढाच, “मास्तर, जेवाले या.”

लग्न होऊन आल्यापासून त्या मला भाऊजी म्हणत होत्या. त्या दिवशी त्यांनी गिऱ्हाइकांचं नाव घेतलं आणि मग तेच ठेवलं. भांडण झालं नाही. त्यांनी मला घर सोडायला सांगितलं नाही आणि स्वतःही सोडलं नाही. मुलींची शिक्षणं झाली, लग्नं झाली. प्रत्येक गोष्ट त्यांनी मला विचारून केली. आजारपणात माझं पथ्य सांभाळलं, मी त्यांचं. एकदा धाकट्या मुलीने विचारलं, “आई, काकाला तू मास्तर काहून म्हणतं?” त्या म्हणाल्या, “सारं गाव म्हणते.”

आज मी निवृत्त आहे. माझ्या हाताखालून किती गाड्या गेल्या ते मोजलं नाही. दारावर लिहिलेल्या ओळी मात्र पुष्कळ रस्त्यांवर फिरल्या असतील, आणि माझ्या माहितीत त्यातला एकही ड्रायव्हर मी काढलेल्या भागामुळे गेलेला नाही. हे मी समाधानाने लिहितो. अशीच एक ओळ दादांच्या ट्रकच्या दारावर लिहायला पांढऱ्या रंगाचा छोटा डबा पुरला असता, हेही खरं आहे.

वहिनी या पावसाळ्यात गेल्या. शेवटचे आठ दिवस त्या ग्लानीत होत्या. पाणी मागताना मला मास्तरच म्हणाल्या.

ट्रक तेव्हाच भंगारात गेला. पुस्तक कपाटात आहे. बोल्ट पुस्तकाच्या शेजारी आहे, त्याला मी दर पावसाळ्याआधी तेल लावतो. घरात मी आहे.